किती हर्ट्झचा मॉनिटर घ्यावा, आणि कोणत्या पॅनेलचा?

वाचकाचे पत्र: "सांगलीच्या मार्केट यार्डात आमचे हळद आणि बेदाण्याचे अडत दुकान आहे, राहायला विश्रामबागेत. मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असून त्याच्या संगणकात रायझन ५ ५६०० प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्ड आहे. मॉनिटर मात्र जुनाच, १९ इंची, ६० हर्ट्झचा. त्याला गेमिंग मॉनिटर हवा आहे आणि वीस हजारांपर्यंत खर्च करण्याची माझी तयारी आहे. तो म्हणतो, २७ इंची, क्यूएचडी आणि आयपीएसच घ्यायचा. इथल्या दुकानदाराने २७ इंची, फुल एचडी, १८० हर्ट्झचा वक्र व्हीए मॉनिटर दाखवला. तो चौदा हजारांना आहे आणि चित्र खरोखरच उठावदार दिसले. पुण्याचे मेहुणे म्हणतात, थोडे थांबा आणि ओएलईडीच घ्या. मुलगा प्रामुख्याने व्हॅलोरंट खेळतो. सुट्टीत मोठे कथाप्रधान खेळ खेळतो, तेही रात्री दिवा बंद करून. संध्याकाळी दुकानातून आल्यावर मी त्याच मॉनिटरवर टॅली उघडून दिवसाचे हिशेब पाहतो. खोलीला पश्चिमेची मोठी खिडकी आहे. जास्त हर्ट्झने डोळ्यांना त्रास होतो असेही कानावर आले आहे. काय घ्यावे?"

महोदय,

मॉनिटरबद्दल विचारणारे बहुतेक जण फक्त बजेट कळवतात. आपण कार्ड, खेळ, खिडकी आणि टॅली असे सारेच कळवले आहे, त्यामुळे मोघम उत्तर देण्याची वेळ माझ्यावर आलेली नाही. मुलाने खेळावे की अभ्यास करावा हे आपण विचारलेले नाही, तेव्हा त्या वाटेला मी जात नाही. माझे मत आधीच सांगून टाकतो: आपल्या घरासाठी २४ इंची, फुल एचडी, १६५ किंवा १८० हर्ट्झचा, आयपीएस पॅनेलचा आणि उंची कमी-जास्त करता येणारा मॉनिटर योग्य ठरेल. वीस हजारांतले बरेच पैसे उरतील, ते उरू द्यावेत. दुकानदार, चिरंजीव आणि मेहुणे या तिघांच्याही म्हणण्यात थोडेफार तथ्य आहे. ते आपल्या खोलीत का लागू पडत नाही, हे आता सविस्तर पाहू.

प्रथम हर्ट्झ. मॉनिटर सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने रंगवतो, तो हा आकडा. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकते, १४४ वर ६.९, १८० वर ५.६ आणि २४० वर ४.२. हे आकडे ओळीने वाचले की किमतीचे गणितही उलगडते. ६० वरून १४४ वर गेल्याने प्रत्येक चित्रामागे जवळजवळ दहा मिलिसेकंद वाचतात आणि हा फरक माउस हलवताक्षणी कोणाच्याही हाताला जाणवतो. १८० वरून २४० वर गेल्याने जेमतेम दीड मिलिसेकंद वाचतो आणि तो ओळखायला सरावलेला स्पर्धक लागतो. आपले चिरंजीव आज ६० वर खेळत आहेत, म्हणजे फायद्याचा मोठा वाटा त्यांना पहिल्याच पायरीवर मिळणार आहे. पुढच्या पायऱ्यांवर पैसे वाढत जातात आणि फरक आटत जातो.

डोळ्यांच्या शंकेचे उत्तर थोडक्यात देतो: जास्त हर्ट्झने डोळ्यांना त्रास होत नाही, उलट हलते अक्षर अधिक स्थिर दिसते. डोळे चुरचुरतात ते पापणी न हलवता तासन्तास पाहिल्याने, फार जवळ बसल्याने आणि अंधाऱ्या खोलीत ब्राइटनेस चढा ठेवल्याने.

दुसरी गोष्ट अशी की मॉनिटर चित्र तयार करीत नाही, तो कार्डाकडून आलेले चित्र दाखवतो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण जणू या खरेदीसाठीच रचली गेली असावी. व्हॅलोरंट हा कार्डावर फारसा भार न टाकणारा नेमबाजीचा खेळ आहे. आपल्या प्रोसेसर-कार्डाच्या जोडीवर फुल एचडीमध्ये त्याच्या सेकंदाला दोनशेहून अधिक फ्रेम, म्हणजे चित्रे, निघतात, म्हणजे १८० हर्ट्झचा पडदा पुरेपूर वापरला जाईल. मोठ्या कथाप्रधान खेळांत मात्र हेच कार्ड मध्यम सेटिंगवर पन्नास-साठ फ्रेमांच्या आसपास रेंगाळते. चिरंजीवांना हवा असलेला क्यूएचडी पडदा २५६० बाय १४४० बिंदूंचा असतो आणि फुल एचडीच्या पावणेदोनपटीहून किंचित अधिक बिंदू त्यावर प्रत्येक फ्रेमला रंगवावे लागतात. तेव्हा जिथे आज पन्नास फ्रेम मिळतात तिथे तीस-पस्तीसवर येण्याची तयारी ठेवावी लागेल, किंवा सेटिंग इतकी खाली आणावी लागेल की क्यूएचडीचे सौंदर्य त्यातच निघून जाईल. पुढे वर्ष-दोन वर्षांत कार्ड बदलायचे नक्की असेल, तर २७ इंची क्यूएचडी आयपीएस हा विचार मुळीच चुकीचा नाही आणि वीस हजारांत तो बसूही शकतो. पण आपल्या पत्रात कार्ड बदलण्याचा उल्लेख नाही, आणि उद्याच्या कार्डासाठी आजचा मॉनिटर घेणे मला सहसा पटत नाही, कारण मॉनिटरचे भाव तोवर स्थिर राहत नाहीत.

दुकानदाराच्या मॉनिटरमध्ये पॅनेलच्याही आधी मला खटकतो तो आकार आणि बिंदूंचा मेळ. २४ इंचांवर फुल एचडी पसरले की एका इंचात सुमारे ९२ बिंदू बसतात. तेच २७ इंचांवर ताणले की ८२ उरतात. खेळात हे खपून जाते. टॅलीच्या पडद्यावर मात्र लेजरमधली बारीक अक्षरे आणि आकड्यांमधले स्वल्पविराम कडेने खडबडीत दिसू लागतात, आणि रोज संध्याकाळी ते पाहणारे आपण आहात, दुकानदार नव्हे. वक्रतेबद्दल म्हणाल, तर अशा मॉनिटरांवर लिहिलेल्या १५००आर याचा अर्थ पडदा १५०० मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा आहे एवढाच. ३४ इंची रुंद पडद्यावर ती उपयोगी पडते, २७ इंचांवर ती फारशी जाणवत नाही, आणि दोघे शेजारी बसून हिशेब पाहणार असतील तर बाजूच्या माणसाला तिचा अडथळाच होतो.

आता पॅनेल. इथे थोडे थांबून समजून घ्यावे, कारण याच मुद्द्यावर दुकानात सर्वांत जास्त दिशाभूल होते.

एलसीडी मॉनिटरमध्ये मागे एक पांढरा दिवा सतत जळत असतो आणि त्याच्यापुढे द्रवस्फटिकांचा थर झडपेचे काम करतो. ते स्फटिक कसे वळतात, यावर पॅनेलची जात ठरते. टीएन पॅनेलमध्ये ते पिळलेल्या स्थितीत असतात. ती जात सर्वांत जुनी, वेगवान आणि स्वस्त, पण मान थोडी खाली-वर केली की रंग बदलतात. आज आयपीएसही पुरेसे वेगवान झाल्याने टीएन घेण्याचे कारण उरलेले नाही, म्हणून ते इथेच बाजूला ठेवतो. आयपीएस आणि व्हीए या दोन्ही जाती १९९० च्या दशकाच्या मध्यात जपानमध्ये, अनुक्रमे हिताची आणि फुजित्सू यांच्याकडे, टीएनच्या याच दोषांवर उपाय म्हणून पुढे आल्या. दोघींनी वेगवेगळे उपाय केले आणि वेगवेगळे दोष पत्करले.

आयपीएसमधले स्फटिक काचेला समांतर राहून त्याच प्रतलात फिरतात. त्यामुळे समोरून पाहा किंवा बाजूने, रंग जवळजवळ तसेच राहतात. आपण खुर्चीत आणि चिरंजीव शेजारी उभे असले तरी दोघांना एकच चित्र दिसते. त्याची किंमत काळ्या रंगात मोजावी लागते. ही झडप पुरती मिटत नाही आणि मागचा प्रकाश थोडा झिरपत राहतो. पांढऱ्या आणि काळ्यातले प्रमाण साधारण १०००:१ एवढेच मिळते. दिवसा ते कळतही नाही. रात्री दिवा बंद करून एखादा अंधाऱ्या गुहेचा प्रसंग आला, की काळे करडे दिसते आणि पडद्याच्या कोपऱ्यांत फिकट पिवळसर किंवा निळसर उजेड तरंगतो. खेळणारे त्याला आयपीएस ग्लो म्हणतात. हा बिघाड नव्हे, या पॅनेलचा स्वभाव आहे, आणि थोडे मागे सरकून बसल्यास तो कमी होतो.

व्हीएमध्ये वीजदाब नसताना स्फटिक काचेला लंब उभे राहतात आणि त्या स्थितीत झडप जवळजवळ घट्ट मिटते. म्हणून त्याचे काळे खरोखर काळे दिसते. ३०००:१ किंवा त्याहून अधिक प्रमाण साध्या व्हीए मॉनिटरलाही मिळते. दुकानात आपल्याला जे चित्र उठावदार दिसले ते याचमुळे, आणि त्यात दुकानदाराने काही खोटे सांगितलेले नाही. त्याने सांगितले नाही ते असे. पूर्ण काळ्यावरून गडद करड्यावर जायचे असेल तर स्फटिकांवरचा दाब अगदी थोडा वाढवावा लागतो, आणि एवढ्याशा दाबाने ते उभे स्फटिक फार सावकाश कलतात. स्वस्त व्हीए पॅनेलमध्ये अशा बदलाला वीस मिलिसेकंदांहूनही अधिक वेळ लागू शकतो. १८० हर्ट्झवर एक चित्र ५.६ मिलिसेकंदांचे असते, हे वर आलेच आहे. म्हणजे एका चित्राचा बिंदू नीट रंगेपर्यंत तीन-चार नवी चित्रे येऊन गेलेली असतात. परिणामी काळोख्या जागी माउस झटकला की भिंतीच्या कडांमागे काळसर, कधी जांभळट, शेपूट ओढली जाते. मुलांच्या भाषेत हे ब्लॅक स्मिअर. व्हॅलोरंटमध्ये अंधाऱ्या कोपऱ्यातून निघणारा खेळाडू टिपायचा असतो, तिथे हा दोष नेमका आडवा येतो. महागड्या व्हीए पॅनेलांत तो बराच आटोक्यात आला आहे. चौदा हजारांच्या पॅनेलात तो असेल हे धरून चालावे.

आपल्या घरी हा तोल कसा बसतो? रात्री दिवा बंद करून कथाप्रधान खेळ खेळण्याची सवय व्हीएच्या बाजूने बोलते, हे मी मान्य करतो. व्हॅलोरंट, टॅलीची अक्षरे आणि शेजारून पाहणे ही तिन्ही आयपीएसच्या बाजूने आहेत, आणि रोजचा वापर याच तिघांचा आहे. शिवाय ग्लोवर घरगुती उपाय आहे: मॉनिटरच्या मागच्या भिंतीवर मंद पिवळा दिवा लावून ठेवला आणि ब्राइटनेस खाली आणला, की करडेपण पुष्कळ झाकले जाते. स्मिअरवर असा उपाय नाही.

खोक्यावरच्या नावांनी गोंधळून जाऊ नये. फास्ट आयपीएस, नॅनो आयपीएस, पीएलएस ही सारी आयपीएसचीच भावंडे आहेत. एएचव्हीए असे लिहिलेले दिसल्यास ते व्हीए समजून परत करू नका. शेवटी व्हीए अक्षरे असली तरी ते आयपीएस धर्तीचेच पॅनेल आहे. निव्वळ "एलईडी मॉनिटर" लिहिले असेल तर त्यावरून फक्त मागचा दिवा एलईडी आहे एवढेच कळते, पॅनेलबद्दल काहीच कळत नाही. अशा वेळी कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल क्रमांक टाकून पॅनेल पाहूनच पैसे द्यावेत.

"१ एमएस" म्हणजे एक मिलिसेकंद हा ठसा जवळपास प्रत्येक खोक्यावर असतो आणि तो दोन निराळ्या मोजमापांपैकी कोणताही असू शकतो. जीटूजी म्हणजे एका करड्या छटेतून दुसरीत जायला लागणारा वेळ, आणि कंपन्या त्यातला सर्वांत सोयीचा बदल निवडून छापतात. एमपीआरटी म्हणजे हलते चित्र डोळ्यापुढे किती काळ रेंगाळते त्याचे माप. ते कमी करण्यासाठी मागचा दिवा प्रत्येक चित्रागणिक क्षणभर विझवतात. त्याने पडदा मंद होतो आणि बहुतेक मॉनिटरांत त्या वेळी ॲडॅप्टिव्ह सिंक, म्हणजे मॉनिटरचा वेग कार्डाच्या वेगाशी जुळवण्याची सोय, चालत नाही. म्हणून व्हीए मॉनिटरवर १ एमएस एमपीआरटी लिहिलेले पाहून वर सांगितलेले स्मिअर नाहीसे झाले असे समजू नये. मेनूमध्ये बिंदूंना जोर देऊन लवकर बदलायला लावणारी ओव्हरड्राइव्ह नावाची सेटिंग असते, ती मधल्या पायरीवर ठेवावी. सर्वांत वर नेली की हलत्या वस्तूमागे उलटी, उजळ कड दिसू लागते आणि ती मूळ दोषापेक्षा अधिक डोळ्यांत भरते.

ॲडॅप्टिव्ह सिंक मात्र अवश्य पाहावे, विशेषतः आपले कार्ड मोठ्या खेळांत साठच्या खाली घसरणार असल्याने. मॉनिटर कार्डाच्या चालीने चालू लागतो आणि चित्र मध्येच फाटल्यासारखे दिसत नाही. एनव्हिडियाची जी-सिंक २०१३ मध्ये आली आणि तेव्हा मॉनिटरमध्ये तिचा स्वतंत्र भाग बसवावा लागे. त्यामुळे तो महाग पडे. जानेवारी २०१९ पासून एनव्हिडियाची कार्डे डिस्प्लेपोर्टवरून फ्रीसिंक, म्हणजे एएमडीच्या ॲडॅप्टिव्ह सिंकचे, मॉनिटरही चालवतात, तेव्हा जी-सिंकच्या नावासाठी जादा पैसे देण्याचे कारण नाही. गडद-उजळ छटा अधिक दाखवण्याचा दावा करणारी एचडीआर ४०० ही पट्टी पाहूनही एक रुपया अधिक देऊ नये. त्या श्रेणीत मागचा दिवा भागाभागाने मंद करण्याची अट नसल्याने अंधार आणि झळाळी एकाच वेळी दाखवणे अशा बहुतेक मॉनिटरांना साधत नाही. नाव मोठे, लक्षण खोटे.

मेहुण्यांच्या ओएलईडीकडे येतो. तंत्र म्हणून ते आज सर्वांत सरस आहे, यात वाद नाही. प्रत्येक बिंदू स्वतःचा प्रकाश देतो आणि स्वतःच विझतो. काळे म्हणजे पूर्ण अंधार, आणि बदलाला लागणारा वेळ नगण्य. पण आपल्या खोलीत त्याला तीन गोष्टी नडतील. टॅलीच्या वरच्या आणि उजव्या पट्ट्या रोज त्याच जागी तासभर उभ्या राहणार. खाली विंडोजची पट्टी आहेच. अशा स्थिर आकृत्या वर्षानुवर्षे राहिल्यास त्यांचा डाग पडद्यावर कायमचा उमटू शकतो, आणि कंपन्या बर्न-इनची वॉरंटी देऊ लागल्या आहेत त्यावरूनच ही भीती निराधार नाही हे कळते. दुसरे, त्यातल्या लाल-हिरव्या-निळ्या उपबिंदूंची मांडणी नेहमीच्या एलसीडीपेक्षा वेगळी असल्याने बारीक अक्षरांच्या कडांना रंगीत छटा येते. तिसरे, क्यूडी-ओएलईडी प्रकारात बाहेरचा उजेड पडला की काळे जांभळट-करडे दिसते, आणि आपली खिडकी पश्चिमेची आहे. किमतीचा मुद्दा तर काढायलाच नको. वीस हजारांत तो बसत नाही. पुण्याच्या घरी, पडदे ओढलेल्या खोलीत, केवळ खेळासाठी तो जरूर घ्यावा.

खिडकीसाठी मॉनिटर बदलण्यापेक्षा टेबल फिरवणे स्वस्त. पडदा खिडकीला समोरासमोर किंवा पाठीशी न ठेवता काटकोनात ठेवावा, मॅट आवरणाचाच घ्यावा, आणि ब्राइटनेसचा आकडा ३०० निट्सच्या (पडद्याच्या उजेडाचे एकक) आसपास असावा. २५० वर मार्च-एप्रिलच्या दुपारी सांगलीचे ऊन त्याला भारी पडेल. स्टँडची उंची बदलता यावी असा माझा आग्रह यासाठी की आपण दोघे वेगवेगळ्या उंचीचे असणार, आणि पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली आली तरच मानेला आराम पडतो. स्वस्त मॉडेलमध्ये नेमके इथेच हात आखडतात. तसा स्टँड न मिळाल्यास मागे व्हेसाची (आर्म बसवण्यासाठीची ठरावीक मापाची) चार भोके आहेत का ते पाहून टेबलाला बसणारा आर्म घ्यावा. उरलेल्या पैशांचा त्याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

खरेदी शक्यतो सांगलीतल्याच दुकानातून करावी, फक्त दुकानात चालू असलेल्या फुलपाखरांच्या आणि समुद्राच्या व्हिडिओवर भुलू नये; त्यात कोणतेही पॅनेल सुंदर दिसते. चिरंजीवांना बरोबर न्यावे आणि दुकानदाराला संगणक जोडून द्यायला सांगावे. पूर्ण काळा, पांढरा, लाल, हिरवा आणि निळा असे पाच पडदे एकामागून एक लावून मेलेला किंवा अडकलेला बिंदू शोधावा. काळ्या पडद्यावर जमल्यास दुकानातला दिवा घालवून कोपरे पाहावेत: सगळ्या कोपऱ्यांत सारखा मंद उजेड असेल तर तो स्वभाव, एकाच कडेला पांढरा पट्टा फुटलेला असेल तर ती गळती, आणि तो नग बदलून घ्यावा. मग टेस्टयूएफओ हे संकेतस्थळ उघडून गडद पार्श्वभूमीवर धावणारी आकृती पाहावी. शेजारी तो वक्र व्हीए ठेवून पाहिलीत तर वर लिहिलेले स्मिअर आपल्याला माझ्या मदतीशिवाय दिसेल. एकदोन मेलेल्या बिंदूंवर बऱ्याच कंपन्या नग बदलून देत नाहीत, तेव्हा किती बिंदूंपर्यंत हात वर करणार आणि सर्व्हिस सेंटर सांगलीत, कोल्हापुरात की थेट पुण्यात, हे पैसे देण्यापूर्वी विचारून घ्यावे.

घरी आणल्यावर दोन चुका हमखास होतात. केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डच्या पोर्टला लावली जाते. आपल्या प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स नसल्याने तिथे पडदा काळाच राहील आणि मॉनिटरला दोष दिला जाईल. आणि नवा मॉनिटर कित्येकदा मुकाट्याने ६० हर्ट्झवरच चालत राहतो, म्हणून विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडून तिथे १८० निवडावे लागते. यादीत १८० दिसतच नसेल तर केबल पाहावी. स्वस्त मॉनिटरचे एचडीएमआय पोर्ट अनेकदा पूर्ण वेग देत नाही, डिस्प्लेपोर्ट देतो. आणि डिस्प्लेपोर्टची केबल खोक्यात असेलच असे नाही, तेव्हा दुकानातच खोके उघडून खात्री करावी.

यूपीएस असल्यास मॉनिटर त्याच्या बॅटरीच्या सॉकेटला जोडावा, नाहीतर लाइट गेल्यावर संगणक चालू आणि पडदा बंद अशी अवस्था होते. बिलावर सिरियल क्रमांक लिहून घ्यावा. बिल आपल्या नावावर घ्यायचे की अडत दुकानाच्या, आणि त्यावरच्या जीएसटीचे क्रेडिट व्हॅलोरंटसाठी चालते की फक्त टॅलीसाठी, हे मात्र आपल्या सीएंनाच विचारावे.